युरोपला स्वतःचं सोयाबीन का पिकवता येत नाही? (आणि डॅन्यूबकाठी ते थोडंफार कसं जमलं)

डॅन्यूबकाठी

सोयाबीनच्या भावाच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की एवढी सुपीक जमीन, एवढी यंत्रं, एवढी अनुदानं असताना युरोप पेंड बाहेरून का आणतो? तिथे उत्तर टंकायला बसले आणि ते मूळ धाग्यापेक्षा लांब व्हायला लागलं, म्हणून हा वेगळा संसार. मी व्हिएन्नात पशुखाद्याच्या धंद्यात नोकरी करते, शेतकरी नाही. त्यामुळे माझं बघणं गोदामाच्या दारातून शेताकडे, हे आधीच सांगते.

युरोपियन युनियन दरवर्षी सोयाबीन आणि सोयापेंड मिळून ढोबळमानाने ३ कोटी टन माल बाहेरून आणते. मुख्यतः ब्राझील, अर्जेंटिना आणि अमेरिकेतून. घरचं उत्पादन याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. २०१८ साली ते २८ लाख टन होतं, नंतरही तिथेच आगेमागे घुटमळतंय. आणि हा माल माणसं खात नाहीत. नव्वद टक्क्यांहून जास्त कोंबड्या, डुकरं आणि दुभत्या गाईंच्या पोटात जातो. म्हणजे युरोपचं मांस, अंडी आणि चीज 'स्थानिक' म्हणून विकलं जातं, पण त्या जनावरांच्या वैरणीचं शिवार समुद्रापलीकडे आहे.

हे असं का झालं याचं कारण हवामानात थोडं आणि करारांत जास्त आहे. १९६०-६२ च्या 'गॅट' या जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटींत, म्हणजे डिलन फेरीत, तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायाने आपल्या धान्याभोवती आयातशुल्काची भिंत बांधून घेतली आणि बदल्यात तेलबिया व पेंड शून्य शुल्काने आत येऊ देण्याचं कबूल केलं. अमेरिकेला हेच हवं होतं. मग खाद्याचे कारखाने बंदरांच्या आसऱ्याने वाढले, आणि त्यांच्या मागे डुकरांचे, कोंबड्यांचे गोठे. रॉटरडॅम, फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत, जर्मनीचा वायव्य कोपरा, कॅटलोनिया, नकाशावर बघा, सगळं किनाऱ्याला चिकटलेलं आहे.

पहिला दणका १९७३ मध्ये बसला. पेरूच्या किनाऱ्यावरची अँकोव्ही मासळी कोसळली, त्यामुळे खाद्यातलं मासळीचं पीठ गेलं, सोयाबीनचे भाव भडकले, आणि २७ जूनला अमेरिकेच्या निक्सन सरकारने निर्यातच बंद केली. बंदी काही दिवसांतच सैल झाली, पण धडकी भरायची ती भरली. जपानने ब्राझीलच्या सेर्राडो पठारावर सोयाबीन उभं करायला पैसा ओतला. युरोपने घरच्या तेलबिया, वाटाणा, फाबा बीन (बाकला) यांना अनुदान सुरू केलं. ते चांगलं चाललं, इतकं की अमेरिकेने गॅटमध्ये तक्रार केली, आणि १९९२ च्या ब्लेअर हाउस करारात युरोपने तेलबियांच्या अनुदानित क्षेत्रावर सुमारे ५१ लाख हेक्टरची मर्यादा मान्य केली. स्वतःच्या शेतात काय वाढवायचं याची मर्यादा वॉशिंग्टनमध्ये ठरली, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

आता डॅन्यूब. युरोपातलं सोयाबीन जुनं आहे. १८७३ च्या व्हिएन्ना विश्वप्रदर्शनात जपान आणि चीनच्या दालनांत ठेवलेलं बियाणं फ्रीडरिश हाबरलांट नावाच्या प्राध्यापकांनी मिळवलं, पेरून पाहिलं, आणि मग ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यभरच्या ओळखीच्या शेतकऱ्यांना वाटलं. कुठे पिकलं, कुठे थंडीने गेलं याच्या नोंदी मागवल्या. १८७८ मध्ये ते वारले आणि काम तिथेच थांबलं.

याच शहरात २०१२ मध्ये 'डोनाऊ सोया' ही संस्था निघाली. डोनाऊ म्हणजे इथली डॅन्यूब नदी. मला या संस्थेचं विशेष वाटतं ते हे, की तिने शेतकऱ्यापासून सुरुवात केलीच नाही. ऑस्ट्रियात २०१० पासून सगळं दूध जीएम-मुक्त (जनुकांत बदल केलेलं बियाणं नसलेल्या) खाद्यावरच्या गाईंचं असतं, अंडीही तशीच. म्हणजे 'जीएम नसलेली पेंड हवी' अशी बांधील मागणी आधीच उभी होती आणि ती पेंड ब्राझीलमधून वेगळी ठेवून आणणं दिवसेंदिवस महाग पडत होतं. संस्थेने दुकानदार, अंडीवाले, खाद्याचे कारखाने, तेलगिरण्या, बियाणेवाले आणि शेतकरी या सगळ्यांना एकाच सभासद यादीत बसवलं. माल डॅन्यूब खोऱ्यातला, जीएम नसलेला, २००८ च्या आधीपासून शेतीखाली असलेल्या जमिनीवरचा, आणि काढणीआधी तणनाशक मारून न वाळवलेला, हे नियम ठरले. २०१३ च्या जानेवारीत खोऱ्यातल्या देशांनी घोषणापत्रावर सह्या केल्या. २०१७ च्या जुलैमध्ये ब्रुसेल्समध्ये जर्मनी आणि हंगेरीच्या पुढाकाराने 'युरोप सोया' घोषणापत्र आलं, त्यावर १४ सदस्य देश होते.

घोषणापत्रांनी शेंगा भरत नाहीत, हे मान्य. खरी अडचण मधल्या टप्प्याची आहे. कच्चं सोयाबीन कोंबडीला घालता येत नाही. त्यात ट्रिप्सिन रोधक असतं, प्रथिनं पचूच देत नाही. उष्णता द्यावी लागते, तीही बेताची. कमी झाली तर रोधक राहतं, जास्त झाली तर प्रथिनंच करपतात. म्हणजे पीक आणि गोठा यांच्या मध्ये गिरणी लागते, आणि युरोपातल्या मोठ्या गिरण्या बंदरांवर, जहाजाने येणाऱ्या जीएम मालासाठी. हंगेरीतल्या एखाद्या शेतकऱ्याने चांगलं पीक घेतलं तरी जवळपास जीएम-मुक्त गाळप करणारं कुणी नसेल तर त्याचा माल मक्यासारखा मिळेल त्या भावाने जातो. डॅन्यूबकाठी हे जमलं कारण सर्बियात बेचेयला, हंगेरीत मार्टफ्यूला गिरण्या होत्या, आणि २०१३ मध्ये जर्मनीतल्या श्ट्राउबिंगची नदीकाठची गिरणी जीएम-मुक्त सोयाबीनकडे वळली. माल बार्जने वर येऊ शकतो.

तर माझं म्हणणं असं, की युरोपला प्रथिनांचं स्वावलंबन हवं असेल तर हेक्टरी अनुदानापेक्षा गिरण्या आणि खरेदीचे करार यावर पैसा लावायला हवा, आणि तोही एकेका देशाने नाही, खोऱ्याखोऱ्याने. इतरांची मतं वाचायला आवडतील. इथे युरोपभर पसरलेली मंडळी आहेत.

---

लातूरकर

ताई, माहितीपूर्ण लेख. दोन प्रश्न.

एक, एकरी उतारा किती पडतो तिकडं? दोन, शेतकऱ्याच्या हातात काय पडतं? आमच्याकडं २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४८९२ होता आणि बाजारात चार हजार, सव्वाचार हजाराला माल गेला. ओलाव्याच्या नावाखाली हमीभाव केंद्रावरून ट्रॉल्या परत आल्या त्या वेगळ्याच.

---

डॅन्यूबकाठी

@लातूरकर, चांगल्या वर्षी हेक्टरी अडीच ते तीन टन, म्हणजे एकरी दहा-बारा क्विंटल. महाराष्ट्राची सरासरी एकरी चार-पाच धरली तर दुप्पट. पण इथला शेतकरी शेजारच्या शेताकडे बघतो. तिथे मका हेक्टरी नऊ-दहा टन निघतो, गहू सहा-सात. त्यासमोर तीन टनांचं सोयाबीन विकायला भाव बराच वरचा लागतो. जीएम-मुक्त मालाला वरकड (जादा भाव) मिळते, ती वर्षागणिक बदलते, आणि नेमकी शिकागोच्या वायदेबाजारातले भाव पडलेले असताना शेतकऱ्याला ती पुरत नाही. दुसऱ्या वर्षीच्या गव्हाला नत्र कमी लागतं, तण आणि रोग कमी होतात, तो फायदा खरा आहे. पण तो सोयाबीनच्या खात्यात कुणी मांडत नाही.

---

दुसरी_बाजू

लेख आवडला, निष्कर्ष नाही.

साधं गणित करू. ३ कोटी टन भागिले हेक्टरी २.८ टन म्हणजे एक कोटी हेक्टरच्या वर. युनियनची एकूण लागवडीखालची जमीन दहा कोटी हेक्टरच्या थोडी आत. म्हणजे दर दहा हेक्टरांतला एक सोयाबीनला द्या, किंवा गव्हाखालचं जवळपास निम्मं क्षेत्र मोडा. मग तो गहू कोण पिकवणार? इजिप्तला, अल्जीरियाला कोण पुरवणार? तिथे कुणीतरी दुसरं रान फोडणार. जंगलतोड थांबली नाही, तिने पत्ता बदलला.

व्हिएन्नाच्या सुपरमार्केटातलं सहा अंड्यांचं खोकं छान दिसतं, हे मान्य. पण प्रश्न सोयाबीन कुठे पिकवायचं हा नाहीच, एवढी डुकरं कशाला पाळायची हा आहे. मांस कमी करा, अर्धी आयात आपोआप जाते. त्यावर कुठलाच मंत्री सही करणार नाही, म्हणून मग नदीकाठच्या सोयाबीनवर सह्या.

---

डॅन्यूबकाठी

@दुसरी_बाजू, गणित बरोबर आहे आणि सगळी आयात बदलायची असं इथे कुणी शहाणं माणूस म्हणतही नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये युरोपियन आयोगाचा वनस्पती-प्रथिनांवरचा अहवाल आला, त्यातही सोयाबीनची स्वयंपूर्णता पाच टक्के आणि मोहरीकुळातल्या रेपसीडची ७९ टक्के असा फरक दाखवला होता. म्हणजे सगळी प्रथिनं एका पिकातून यायची गरज नाही. रेपसीडची पेंड गाईला चालते, ऑस्ट्रियातल्या दूधवाल्यांनी सोयापेंड बरीचशी काढून तीच घातली. अडतं ते कोंबडीपाशी आणि डुकराच्या पिल्लांपाशी, त्यांना अमिनो आम्लांचा मेळ सोयाबीनसारखा दुसऱ्यातून सहज मिळत नाही.

मांस कमी व्हावं याबद्दल वाद नाही. पण दोन्ही गोष्टींची साखळी एकच आहे, टोफूलाही गिरणी लागतेच.

---

मूळगाठ

(कृषी विद्यापीठात कडधान्य पैदाशीवर काम केलंय, त्या अधिकाराने थोडं लांबवतो.)

सोयाबीन हे लहान दिवसाचं पीक. दिवस मोठा असेल तर ते फुलायचं नाव घेत नाही, नुसतं वाढत राहतं. युरोपात जूनमध्ये पंधरा-सोळा तासांचा उजेड असतो. आपलं जेएस ३३५ किंवा फुले संगम हे वाण तिथे लावलंत तर ऑक्टोबरात हिरवंगार झाड मिळेल आणि मग थंडी येईल. म्हणून तिकडे दिवसाच्या लांबीला फारसा न जुमानणारे, अतिलवकर येणारे वाण लागतात. पक्वतेचे गट शून्यांनी मोजतात: दक्षिणेला एक शून्य, ऑस्ट्रियाकडे दोन शून्य, उत्तरेला तीन शून्य. सर्बियातली नोव्ही सादची पीक संशोधन संस्था (स्थापना १९३८) या कामात जुनी आणि दांडगी. तिथल्या व्होयव्होदिना प्रांताच्या काळ्या मातीत त्यांनी जे उभं केलंय ते आपल्याकडच्या पैदासकारांनी आवर्जून जाऊन पाहावं असं आहे.

दुसरं, मुळावरच्या गाठी. सोयाबीनचा जो जिवाणू नत्र बांधतो तो युरोपच्या मातीत मुळात नव्हताच. पहिल्यांदा सोयाबीन घेणाऱ्या शेतात बियाण्याला जिवाणू संवर्धन लावलं नाही तर पीक पिवळं पडतं. आपल्याकडे रायझोबियमची पाकिटं फुकट वाटली तरी घरात पडून राहतात, तिथे तो पेरणीचा अविभाज्य भाग आहे.

आणि सोयाबीन सोडून बाकीचं बघा, तिथे खरी रोगराईची कथा आहे. फ्रान्स एके काळी वाटाण्याचा राजा होता. मग अफॅनोमायसिस नावाचा मूळकूज रोग आला. जमिनीत वर्षानुवर्षं टिकतो, औषध नाही. पेरणीआधी माती तपासायची आणि रोग दिसला तर त्या शेतात वाटाणा विसरायचा, एवढंच हातात. क्षेत्र कोसळलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सने दहा कोटी युरोंची प्रथिन योजना जाहीर केली, शेंगवर्गीय क्षेत्र २०३० पर्यंत १० लाखांवरून २० लाख हेक्टर करायचं म्हणून. पैसा ठीक आहे, पण बुरशीला योजना वाचता येत नाही.

लुपिन या शेंगवर्गीय पिकाचंही असंच. प्रथिनं सोयाबीनच्या जवळपास, वाळूवर येतं, पण मूळचं कडू आणि विषारी. १९२० च्या दशकात जर्मनीत झेंगबुश नावाच्या शास्त्रज्ञाने प्रचंड संख्येने झाडं तपासून त्यातली अल्कलॉइड नसलेली मोजकी गोड झाडं शोधली. पैदास म्हणजे काय चीज असते ते त्यावरून कळावं. पुढे करपा रोगाने युरोपातलं पांढरं लुपिन झोपवलं.

---

खारी_बिस्कीट

मूळगाठ सर, "बुरशीला योजना वाचता येत नाही" हे आमच्या तालुका कृषी कार्यालयाच्या भिंतीवर लावायला हवं :))

एक भाबडा प्रश्न. गिरणी नसेल तर शेतकरी घरच्या घरी भाजून कोंबड्यांना का घालत नाहीत?

---

डॅन्यूबकाठी

@खारी_बिस्कीट, भाबडा अजिबात नाही, तसं करतात. बव्हेरिया आणि ऑस्ट्रियात ट्रेलरवर बसवलेली भाजणी यंत्रं आहेत, ती शेतावर येतात. काही ठिकाणी पाच-पंचवीस शेतकऱ्यांनी मिळून छोटं टोस्टिंग युनिट टाकलंय. पण नुसतं भाजलेलं सोयाबीन म्हणजे तेलासकट. डुकराला तेल फार झालं की चरबी मऊ पडते, मग कसाई भाव पाडतो. तेल काढायला निदान यांत्रिक घाणा हवा. आणि प्रत्येक खेपेची भाजणी बरोबर झाली का ते प्रयोगशाळेत तपासायला हवं. छोट्यांना हा तपासणीचा खर्च जड जातो, इथेच सहकाराचा उपयोग होतो.

---

ब्लॅक_फॉरेस्टची_मावशी

मी फ्राइबुर्गजवळ राहते, त्यामुळे 'टायफून'बद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. टोफू करणारी कंपनी. तिने १९९० च्या दशकातच या भागातल्या आणि पलीकडे फ्रान्समधल्या अल्सासच्या शेतकऱ्यांशी करार करायला सुरुवात केली. नदीच्या दोन्ही काठांवर, दोन देशांत, पण हवामान तेच, माती तीच. सीमेपेक्षा ऱ्हाइनचं खोरं महत्त्वाचं.

टोफूला खाद्याचं सोयाबीन चालत नाही. प्रथिनं जास्त, साखर बेताची आणि दूध गोठल्यावर वडी घट्ट बसायला हवी. असे वाण थंड भागासाठी मिळेनात, म्हणून २०१६ मध्ये कंपनीने होहेनहाइम विद्यापीठाबरोबर '१००० बागा' नावाचा प्रयोग केला. देशभरच्या हौशी बागवाल्यांना नव्या पैदाशीच्या ओळींचं बियाणं पाठवायचं, त्यांनी परसात लावायचं, फुलोरा कधी, शेंगा किती, पिकलं कधी हे नोंदवायचं आणि दाणे परत पाठवायचे. माझ्या शेजारच्या आजोबांनी घेतलं होतं. त्यांच्या नोंदवहीत गोगलगाईंवर जेवढा राग होता तेवढा मी कुठल्याच शास्त्रीय नोंदीत पाहिलेला नाही.

डॅन्यूबकाठी, तुमचे हाबरलांट वाचताना हेच आठवलं. बियाणं वाटायचं आणि नोंदी मागवायच्या, रीत तीच आहे.

---

डॅन्यूबकाठी

मावशी, वा! हे जोडून दिल्याबद्दल आभार. आणि ऑस्ट्रियातही सोयाबीन आता ८०-९० हजार हेक्टरांवर आहे, त्यातला मोठा वाटा माणसांच्या खाण्यात जातो. खाण्याच्या मालाला भाव बरा मिळतो म्हणून शेतकरी टिकला, हे इथे सगळे मान्य करतात.

---

कोपनहेगन_एक्सप्रेस

उत्तरेकडून थोडं. डेन्मार्कमध्ये सोयाबीन अजून फारसं जमत नाही, इथला खेळ फाबा बीनचा (उत्तर भारतात बाकला म्हणतात ती). थंडी सोसते, प्रथिनं २६-३० टक्के. पण तिच्यात व्हिसिन आणि कॉनव्हिसिन असतात, अंड्यावरच्या कोंबड्यांना त्रास होतो, आणि काही माणसांना एका एन्झाइमच्या जन्मजात कमतरतेमुळे रक्तक्षय होतो. कमी व्हिसिनचे वाण आले तेव्हापासून गाडी रुळावर आली.

इथली गंमत राजकारणाची आहे. डुक्करपालनावर उभा असलेला देश, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने वनस्पती-आधारित अन्नाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, जगातला पहिला. त्याआधी २०२१ च्या शेती करारात त्यासाठी वेगळा निधी ठेवला होता. शेतकऱ्यांची मोठी संघटना आणि शाकाहारी मंडळ एका टेबलाशी बसून बोलतात. शाळा-रुग्णालयांच्या स्वयंपाकघरांतल्या आचाऱ्यांना डाळी शिजवायचं प्रशिक्षण देण्यावरही पैसा जातो. मला तर वाटतं इथल्या कॅन्टीनला एक मराठी आजी पाठवावी, सगळा निधी वाचेल.

शिवाय गवत! ऑरहूस विद्यापीठाच्या फूलुम केंद्रात क्लोव्हर (एक चाऱ्याचं पीक) आणि गवताचा रस काढून त्यातून प्रथिनं वेगळी करतात, डुकरांना-कोंबड्यांना घालण्यासाठी. उरलेला चोथा गाईंना. पण ओलं गवत लांब नेता येत नाही, म्हणजे पुन्हा गिरणी जवळ हवी. डॅन्यूबकाठी यांचा मुद्दा इथेही लागू.

---

दुसरी_बाजू

रोमेनियाचं कुणी बोलतच नाही. तिथे युनियनमध्ये येण्याआधी जीएम सोयाबीन जोरात होतं, २००६ मध्ये लाखभर हेक्टरांच्या वर. २००७ मध्ये सदस्य झाले आणि ते बंद करावं लागलं. क्षेत्र धाडकन खाली. मग तोच देश अर्जेंटिनाचं जीएम सोयाबीन आयात करून डुकरांना घालू लागला. पिकवायला बंदी, खायला परवानगी. या विनोदावर घोषणापत्रात एक ओळ असायला हरकत नव्हती.

---

डॅन्यूबकाठी

विनोद आहेच. माझ्या रोमेनियन सहकाऱ्यांना आजही याचा राग आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. त्यांचं तणनियंत्रण एका वर्षात दुप्पट अवघड झालं. पण दुसरीकडे हंगेरीने २०११ च्या राज्यघटनेतच जीएम-मुक्त शेती लिहून ठेवली, सर्बियाने २००९ मध्ये कायदा केला. खोऱ्यातल्या ग्राहकाची आणि सरकारांची दिशा ठरलेली होती. रोमेनियात क्षेत्र नंतर हळूहळू परत वाढलं, आज तो फ्रान्स-इटलीबरोबर युनियनच्या मुख्य उत्पादकांत आहे. वरकड भाव मिळतो म्हणून ते परत आले, बंदी आवडली म्हणून नाही.

---

माळरान

युक्रेन?

---

डॅन्यूबकाठी

@माळरान, एका शब्दात मोठा विषय काढलात.

रशिया सोडला तर युरोप खंडातला सगळ्यात मोठा सोयाबीन उत्पादक युक्रेनच आहे. २०२४ मध्ये ६० लाख टनांच्या वर, म्हणजे अख्ख्या युनियनच्या दुप्पट. युद्धात उलट क्षेत्र वाढलं, कारण मक्याला लागणारं नत्र खत महाग आणि दुर्मीळ झालं, मका वाळवायला लागणारा गॅसही. सोयाबीनला दोन्ही कमी लागतं, आणि टनामागे भाव जास्त असल्याने वाहतुकीचा खर्च सोसतो.

२०२३ मध्ये पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकिया, रोमेनिया, बल्गेरिया या पाच देशांच्या शेतकऱ्यांनी युक्रेनी मालाविरुद्ध रस्ते अडवले, तेव्हा आयोगाने गहू, मका, रेपसीड आणि सूर्यफूल या चारच पिकांवर तात्पुरते निर्बंध घातले. सोयाबीन त्यात नव्हतं. जे घरात कमी आहे त्याला कुणी अडवत नाही.

गुंता जीएमचा आहे. तिथे परवानगी नसतानाही जीएम सोयाबीन बरंच पेरलं जायचं, हे उघड गुपित. २०२३ मध्ये नवा कायदा झाला, तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. खरेदीदार प्रत्येक ट्रकचा पट्टी-चाचणीने नमुना घेतो. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये युक्रेनने कच्च्या सोयाबीनवर आणि रेपसीडवर दहा टक्के निर्यातशुल्क बसवलं, दाणा देशातच गाळला जावा म्हणून. तेही गिरणीसाठीच भांडताहेत.

---

लातूरकर

हे वाचून एक गोष्ट डोक्यात आली. तुमच्याकडं दाणा आहे, गिरणी लांब. आमच्याकडं उलटं. लातूर, सोलापूर, नांदेड पट्ट्यात तेलाचे प्लांट पुष्कळ, पण वर्षातले कित्येक महिने अर्ध्या क्षमतेवर चालतात, कारण माल पुरत नाही आणि शेतकरी भावाची वाट बघत घरात ठेवतो.

आणि आमची डीओसी (तेल काढलेली पेंड) जीएम नसलेली म्हणून जर्मनी-फ्रान्सला जाते हे खरंय. पण त्याचा वरकड शेतकऱ्यापर्यंत येत नाही. २०२१ मध्ये पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली तर केंद्राने १२ लाख टन जीएम पेंड आयातीला परवानगी दिली आणि दहा हजारांवर गेलेला भाव काढणीच्या तोंडावर निम्म्यावर आला. आता डॅन्यूबवाले जोरात आले तर आमचं तेही गिऱ्हाईक जाणार का?

---

डॅन्यूबकाठी

लगेच नाही, असं मला वाटतं. भारतीय पेंड इथे येते ती मुख्यतः ब्राझीलचा जीएम-मुक्त माल महागतो तेव्हा, आणि सेंद्रिय बाजारात. भाव जुळला तर येते, नाही तर नाही. दुष्काळात इथलं पीक पडतं तेव्हाही दार उघडतं. २०२४ च्या उन्हाळ्यात सर्बिया आणि रोमेनियात शेंगा अक्षरशः झाडावर वाळल्या. स्थानिक मालाची ही दुखरी नस आहे, सगळं एकाच खोऱ्यात असलं की एकाच उन्हात जातं.

तुम्हाला खरी धास्ती हवी असेल तर ती जंगलतोड-विरोधी नियमाची घ्या. २०२३ चा कायदा आहे, सोयाबीन त्यातल्या सात मालांपैकी एक. आधी एक वर्ष पुढे ढकलला, मग आणखी एक. पण लागू झाला की प्रत्येक खेपेबरोबर ती ज्या शेतांत पिकली त्यांचे अक्षांश-रेखांश द्यावे लागणार. डॅन्यूबच्या मालाला हे आधीपासूनच्या नोंदींमुळे सोपं जाईल. ब्राझीलच्या हजार हेक्टरांच्या मालकालाही एका नकाशात जमेल. दोन-दोन एकरांच्या शेकडो शेतकऱ्यांचा माल एका कंटेनरमध्ये असेल तर?

---

मूळगाठ

महाराष्ट्रात ई-पीक पाहणी २०२१ पासून आहे की. शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो काढतो, गट नंबर आणि ठिकाण त्यात येतं. माहिती तयार आहे, फक्त निर्यातीच्या कामी कुणी वापरत नाही.

---

लातूरकर

सर, फोटो असतो. पण अडतीवर माझी दहा पोती, शेजाऱ्याची पंधरा आणि कर्नाटकातून आलेला एक ट्रक एकाच ढिगात पडतात, सौदा त्या ढिगाचा होतो. प्लांटवाल्याला विचाराल तर तो अडत्याचं नाव सांगेल, त्याच्या पुढं त्याच्याकडं काहीच नाही. आमच्या गावच्या शेतकरी कंपनीनं मागच्या हंगामात गटवार पोती वेगळी ठेवून थेट प्लांटला घालायचा प्रयत्न केला. प्लांट म्हणाला, वेगळा सायलो (साठवणीची टाकी) द्यायला आमची ना नाही, पण त्याचं भाडं कोण देणार ते आधी ठरवा. ताई, तुमच्याकडं ते भाडं कोण भरतं, खरेदीदार की शेतकरी?

---

डॅन्यूबकाठी

सुरुवातीला अंड्यांच्या दुकानसाखळ्यांनी करार करून उचललं, त्या वरकडीत ते धरलेलं असायचं. आता बहुतेक ठिकाणी गिरणी खरेदीभावातून कापते. करारात ते कलम कसं मांडतात याचा नमुना ऑफिसात विचारून बघते आणि तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते.